८६ मिनिटांचा सिनेमा ६१ भागांची मालिका कसा झाला

विनोदी सिनेमावरून मालिका काढणं फार अवघड काम आहे. अशा सिनेमाचा डोलारा बहुतेक वेळा एकाच कल्पनेवर उभा असतो. दीड तास ती कल्पना पुरते आणि प्रेक्षक हसत घरी जातो. तीच कल्पना वर्षानुवर्षं ताणायची म्हटली की चौथ्या-पाचव्या भागातच तिचा दम संपतो. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या मालिकेचं तसं झालं नाही. २०१४ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका छोट्या सिनेमातून ती निघाली, २७ मार्च २०१९ला अमेरिकेतल्या एफएक्स वाहिनीवर सुरू झाली आणि सहा सीझन, ६१ भाग करून १६ डिसेंबर २०२४ला थांबली. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेसाठी एमी या अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्काराचं नामांकन तिला चार वेळा मिळालं. विषय म्हणाल तर शेकडो वर्षं जगलेले काही व्हॅम्पायर एका घरात राहतात आणि एकमेकांशी भांडतात, इतकाच.

एवढ्या भांडवलावर सहा सीझन कसे चालले? माझ्या मते त्याचं उत्तर असं: मालिकेने सिनेमातली माणसं घेतली नाहीत, प्रसंग घेतले नाहीत, फक्त त्या जगाचे नियम घेतले. आणि त्या नियमांमध्ये दडलेली एक गोष्ट तिने ओळखली, ती म्हणजे ज्याला मरण नाही त्याला बदलायची गरजही नसते. हे नीट समजण्यासाठी आधी सिनेमा काय होता ते पाहू.

वेलिंग्टनमधलं घर

जेमेन क्लेमेंट आणि टायका वायटीटी हे दोघे वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात शिकत असल्यापासूनचे मित्र. क्लेमेंटला जगाने ‘फ्लाइट ऑफ द कॉनकॉर्ड्स’ या मालिकेमुळे ओळखलं, वायटीटीला पुढे ‘थॉर: रॅग्नारॉक’ आणि ‘जोजो रॅबिट’मुळे. पण व्हॅम्पायरची ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीची. २००५मध्ये दोघांनी त्यावर एक लघुपट केला होता. त्याचा पूर्ण सिनेमा व्हायला जवळपास नऊ वर्षं लागली. लेखन दोघांचं, दिग्दर्शन दोघांचं, मुख्य भूमिकांतही दोघेच. जानेवारी २०१४मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला.

सिनेमात वेलिंग्टनमधल्या एका घरात चार व्हॅम्पायर राहतात. व्हियागो ३७९ वर्षांचा, व्लादिस्लाव ८६२ वर्षांचा, डीकन जेमतेम १८३ वर्षांचा म्हणून घरातला तरुण तुर्क, आणि तळघरात दगडी पेटीत झोपणारा, आठ हजार वर्षांचा पेटर. सुरुवातीलाच व्हियागो सगळ्यांना बोलावून बैठक घेतो. विषय असतो भांड्यांचा. घासायची पाळी डीकनची आहे आणि पाच वर्षं त्याने त्यांना हात लावलेला नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही ही बैठक ओळखीची वाटेल. सोफ्यावर रक्ताचे डाग पडतात, तर बळी घेण्याआधी खाली वर्तमानपत्र अंथरा, एवढंच व्हियागोचं म्हणणं असतं.

हे सगळं आपल्याला माहितीपटाच्या रूपात दिसतं. या प्रकाराला मॉक्युमेंटरी म्हणतात. गोष्ट पूर्ण काल्पनिक, पण मांडणी माहितीपटाची. हातात धरलेला, किंचित हलणारा कॅमेरा, मधूनमधून पात्रांच्या समोरासमोर बसून घेतलेल्या मुलाखती, कधी दाराच्या फटीतून चोरून घेतलेलं दृश्य. १९८४चा ‘धिस इज स्पायनल टॅप’ आणि २००१मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘द ऑफिस’ ही या प्रकाराची गाजलेली उदाहरणं. व्हॅम्पायरच्या गोष्टीला हा प्रकार चांगला मानवतो. भयपटाला प्रेक्षकाचा विश्वास मिळवण्यासाठी धुकं, सावल्या, संगीत असं बरंच काही उभं करावं लागतं. माहितीपट मात्र समोरचं खरंच आहे असं धरूनच चालतो. एक माणूस उडत उडत छतावरचं जाळं काढतोय आणि कॅमेरा ते इतक्या निर्विकारपणे टिपतोय की आपण प्रश्नच विचारत नाही. शिवाय मुलाखतीत पात्र स्वतःबद्दल एक सांगतं आणि पुढच्याच दृश्यात आपल्याला भलतंच दिसतं. या सिनेमातलं अर्धं हसू त्या दोन्हींमधल्या अंतरातून येतं.

दिग्दर्शकांनी पटकथा लिहिली होती, पण नटांना ती वाचायला दिली नाही. प्रसंग समजावून सांगायचा आणि संवाद त्यांनाच सुचू द्यायचे, अशी पद्धत ठेवली. सुमारे सव्वाशे तासांचं चित्रीकरण झालं आणि त्यातून ८६ मिनिटं निवडली. नट एकमेकांना खरोखर ऐकताना, अडखळताना, मध्येच तोडताना दिसतात ते त्यामुळेच.

नियम आले कुठून

विनोदाला नियम लागतात. प्रेक्षकाला नियम आधीच ठाऊक असेल तर तो मोडला किंवा गैरसोयीच्या जागी लागू झाला की लगेच हसू येतं. व्हॅम्पायरचे नियम जगभर ठाऊक आहेत: उन्हात जळतो, आरशात दिसत नाही, बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकू शकत नाही, वटवाघूळ होतो, समोरच्याला संमोहित करतो. पण हे सगळे नियम एका वेळी, एका ठिकाणी तयार झाले असं नाही, आणि मालिका समजून घ्यायला ते महत्त्वाचं आहे.

मूळ पूर्व युरोपातल्या लोकसमजुतींत आहे. १७२५मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यानंतर लागोपाठ काही मृत्यू झाले आणि तोच थडग्यातून उठून येतो असं गावकरी म्हणू लागले. तेव्हा तो भाग ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजवटीकडे होता. तिथल्या अधिकाऱ्यासमोर प्रेत उकरून त्याच्या छातीत खुंटी मारली गेली. त्या अधिकाऱ्याचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि खेड्यातली भीती शहरातल्या वाचकांपर्यंत पोचली. तोवरचा व्हॅम्पायर म्हणजे फुगलेलं, मातीने माखलेलं प्रेत. त्याला उमदा, श्रीमंत सरदार केलं ते जॉन पोलिडोरीच्या १८१९च्या कथेने. पुढे १८९७मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली.

आता गंमत पाहा. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावर फिरतो. उन्हात त्याची ताकद कमी होते, पण तो मरत नाही. ऊन लागून व्हॅम्पायर नष्ट होण्याची कल्पना रुजवली ती १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने. ते ‘ड्रॅक्युला’चं परवानगी न घेता केलेलं रूपांतर होतं. स्टोकरच्या पत्नीने खटला भरला, न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं, तरी काही प्रती वाचल्या. म्हणजे आज ज्याला आपण व्हॅम्पायरचा पुरातन नियम समजतो, तो एका रूपांतराने केलेली भर आहे. मला वाटतं, चांगल्या रूपांतराची ओळख इथेच पटते. ते मूळ गोष्टीत असं काही घालतं की नंतरच्या लोकांना ते आधीपासूनच तिथे होतं असं वाटावं. सिनेमातला टकला, लांब नखांचा पेटर म्हणजे त्याच मूकपटातल्या भुताची आठवण आहे.

(आपल्याकडच्या वेताळाशी या मंडळींचं नातं जोडण्याचा मोह होतो. रिचर्ड बर्टनने १८७०मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणताना वेताळाला सरळ व्हॅम्पायरच करून टाकलं. पण आपला वेताळ राजाच्या पाठीवर बसून कोडी घालतो आणि कोकणात नि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. त्याला या घरात कोंबायची गरज नाही.)

रीमेक नव्हे, त्याच जगातलं दुसरं घर

सिनेमावरून मालिका करताना सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे तीच पात्रं, नवे नट. क्लेमेंटने, मालिका त्याच्याच नावावर आहे, तो मार्ग घेतला नाही. व्हियागो, व्लादिस्लाव आणि डीकन वेलिंग्टनमध्येच राहिले. मालिकेने त्याच जगातलं दुसरं घर शोधलं, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचं. पहिला भाग वायटीटीने दिग्दर्शित केला. पुढे मालिकेची रोजची सूत्रं पॉल सिम्सकडे होती. चित्रीकरण झालं कॅनडात, टोरंटोमध्ये.

स्टेटन आयलंडची निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. हा न्यूयॉर्क शहराचा सगळ्यांत कमी लोकवस्तीचा विभाग. पर्यटक तिथे फेरीबोटीतून जातात ते स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघायला आणि बरेच जण पुढच्या बोटीने परत येतात. मालिकेतल्या व्हॅम्पायरना त्यांच्या बॅरनने, म्हणजे एका पुरातन व्हॅम्पायर सरदाराने, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी युरोपातून धाडलं ते अख्खं नवं जग जिंकायला. ते बोटीतून उतरले, जवळच घर घेतलं आणि तिथेच राहिले. पहिल्या सीझनमध्ये बॅरन हिशेब मागायला येतो तेव्हा कळतं की त्यांच्या ताब्यात त्यांचा स्वतःचा रस्ता आणि शेजारच्या रस्त्याचा तुकडा, एवढंच आहे. मग अमेरिका जिंकण्याची सुरुवात म्हणून ते नगर परिषदेच्या सभेला जाऊन बसतात.

सिनेमा आणि मालिका एकाच जगात आहेत हे सिद्ध होतं पहिल्या सीझनच्या सातव्या भागात, ‘द ट्रायल’मध्ये. जागतिक व्हॅम्पायर परिषदेसमोर आपल्या मंडळींवर खटला चालतो आणि परिषदेत बसलेले असतात वेलिंग्टनचे ते तिघे. त्यांच्या शेजारी टिल्डा स्विंटन, इव्हान रेचल वुड, डॅनी ट्रेहो, पॉल रूबेन्स. यांतल्या प्रत्येकाने आधी कुठल्या ना कुठल्या सिनेमात किंवा मालिकेत व्हॅम्पायरची भूमिका केलेली आहे आणि इथे त्यांना त्यांच्या खऱ्याच नावांनी हाक मारली जाते. ‘ब्लेड’ केलेला वेस्ली स्नाइप्स व्हिडिओ कॉलवरून हजेरी लावतो. पडद्यावरच्या व्हॅम्पायरांचा सगळा इतिहास एका टेबलाभोवती बसवलेला आहे.

त्याच सिनेमातून दुसरी एक मालिकाही निघाली. सिनेमात व्हॅम्पायरांच्या घरी चौकशीला आलेले दोन पोलीस, ओलिरी आणि मिनोग, यांना घेऊन न्यूझीलंडमध्ये २०१८ ते २०२२ या काळात ‘वेलिंग्टन पॅरानॉर्मल’ झाली. दोन्ही मालिकांनी सिनेमाचा मधला भाग सोडून कडेचं काहीतरी उचललं.

न बदलणारी माणसं

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. सिटकॉम, म्हणजे ठरावीक माणसांची आणि ठरावीक जागेची विनोदी मालिका, एका अटीवर चालते: भाग संपताना सगळे जिथे होते तिथे परत यायला हवेत. कंजूष माणूस कंजूषच राहिला पाहिजे, नाहीतर पुढच्या आठवड्यात हसायचं कशाला? पण वर्षं लोटतात तसं हे खोटं वाटू लागतं. नट म्हाताऱ्यासारखे दिसू लागतात आणि ही माणसं काहीच कशी शिकत नाहीत असं मनात येतं.

व्हॅम्पायरच्या बाबतीत या अडचणीचं उत्तर गोष्टीतच आहे. साडेसातशे वर्षांत जो शिकला नाही तो या गुरुवारी कसा शिकेल? सिटकॉमची अट आणि अमरत्वाचा शाप ही एकच गोष्ट आहे, हे या मालिकेने ओळखलं. तिचा सगळा डौल त्या ओळखीवर उभा आहे.

नँडोरकडे बघा. केवान नोव्हाकने केलेला हा सेनापती एके काळी ‘अविश्रांत’ म्हणून ओळखला जाई. इराणच्या दक्षिणेकडच्या एका काल्पनिक राज्याचा तो शासक होता, ३७ बायका होत्या. आज तो केसांना चमक यावी म्हणून काळजी घेतो आणि करमत नाही म्हणून उसासे टाकतो. एका भागात त्याला अमेरिकेचा नागरिक व्हायचं असतं. अर्ज भरताना त्याला कळतं की त्याचा देश शतकांपूर्वीच नकाशावरून पुसला गेला आहे. नोव्हाक स्वतः इराणी आईबापांचा, ब्रिटनमध्ये वाढलेला. त्या प्रसंगात त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहून हसणं थांबतं. तिसऱ्या सीझनमध्ये हाच नँडोर व्हॅम्पायरपण सोडून पुन्हा माणूस व्हायचं शिकवणाऱ्या एका पंथात जातो. तिथे सगळे १९८०च्या दशकातल्या कपड्यांत व्यायाम करतात. त्या भागाच्या वेशभूषेला २०२२चा एमी मिळाला. चौथ्या सीझनमध्ये एका जिनच्या मदतीने तो आपल्या ३७ही बायकांना परत आणतो, पुन्हा लग्न करायचं म्हणून. सुख मिळवायचा प्रत्येक मार्ग त्याने एकदा चालून झालेला आहे आणि तरी तो पुन्हा त्याच वाटेला लागतो.

नाद्या आणि लॅझ्लो हे जोडपं. ती भूमध्य समुद्रातल्या अँटिपॅक्सोस या ग्रीक बेटावरची, तो इंग्लंडचा खानदानी सरदार. तिनेच त्याला व्हॅम्पायर केलं. नताशिया डेमेट्रिऊ आणि मॅट बेरी यांनी या लग्नाला जो जिवंतपणा दिलाय तो दुर्मिळ आहे. शतकं उलटली तरी दोघांना एकमेकांची ओढ आहे, दोघांचे बाहेरचे संबंध उघड आहेत आणि तरी कुणी तिसऱ्याने एकाला दुखावलं की दुसरा त्याच्या जिवावर उठतो. बेरीच्या आवाजाबद्दल वेगळं लिहायला हवं. शब्दाचं शेवटचं अक्षर तो असं ताणतो की न्यूयॉर्क शहराचं नुसतं नाव घेतलं तरी हशा येतो. वटवाघूळ होताना तो मोठ्याने ‘बॅट!’ असं ओरडतो. ते ओरडणं गरजेचं आहे का, हे मालिका कधीच सांगत नाही आणि तेच योग्य आहे.

नियमांशी खेळण्याची दोन उदाहरणं देतो. दुसऱ्या सीझनमध्ये शेजारी यांना सुपर बोल बघायला घरी बोलावतो. अमेरिकन फुटबॉलचा तो अंतिम सामना. हे समजतात की एका अप्रतिम घुबडाच्या, म्हणजे ‘सुपर्ब आउल’च्या, सन्मानार्थ मेजवानी आहे, आणि आमंत्रण मिळालं म्हणजे घरात पाऊल टाकता येणार, म्हणून अत्यंत आदराने जातात. पुढच्याच भागात नँडोरला एक साखळी-ईमेल येतो, दहा जणांना पाठवला नाही तर शाप लागेल असा. ज्याच्या जगात शाप खरेच असतात तो असा ईमेल हसण्यावारी कसा नेईल? पाठवलेला ईमेल परत येतो तेव्हा खाली सही असते ‘मेलर-डेमन’ची, म्हणजे न पोचलेला ईमेल परत पाठवणाऱ्या यंत्रणेची. त्यांच्या दृष्टीने हा साक्षात राक्षसाचा निरोप. नियम जुने, परिस्थिती आजची, आणि पात्रांचं वागणं त्यांच्या जागी पूर्ण तर्कशुद्ध.

कॉलिन रॉबिन्सन

‘नोस्फेराटू’ने उन्हाचा नियम दिला तसं या मालिकेने व्हॅम्पायरांच्या जगाला काय दिलं, तर कॉलिन रॉबिन्सन. सिनेमात तो नाही. मार्क प्रोक्शने केलेला हा माणूस दिसायला कचेरीतला साधा कारकून: टक्कल, चश्मा, फिकट स्वेटर. तो रक्त पीत नाही. तो माणसाची ऊर्जा पितो, आणि ती मिळवतो समोरच्याला कंटाळा आणून किंवा चिडवून. त्याला ऊन चालतं. तो रोज नोकरीवर जातो आणि सहकाऱ्यांच्या टेबलाशी उभा राहून त्यांना काडीचाही रस नसलेल्या विषयावर बोलत राहतो. ऐकणाऱ्याचे डोळे मिटू लागतात, कॉलिनचे चमकतात. घरातल्या व्हॅम्पायरांवरही त्याची ही मात्रा चालते, म्हणून तेही त्याला घाबरून असतात.

ही कल्पना इतकी नेमकी आहे कारण असा माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा आहे आणि आजवर त्याला नाव नव्हतं. तिचा रचनेतला उपयोगही मोठा आहे. बाकी तिघे मखमली अंगरख्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात, गतकाळात राहतात. कॉलिन एकटा आजच्या जगात राहतो, म्हणून सभा, कार्यालयं, इंटरनेटवरचे वाद हे सगळं त्याच्यामार्फत घरात येतं. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला कचेरीत बढती मिळते. आता हाताखालच्या लोकांना ऐकून घ्यावंच लागतं, त्यामुळे त्याची ताकद बेसुमार वाढते, डोक्यावर केस उगवतात आणि अख्खं घर त्याच्यापुढे कोसळू लागतं. साहेबाच्या खुर्चीबद्दल याहून खरं काही टीव्हीवर मी क्वचितच पाहिलं आहे.

गिएर्मोचं घड्याळ

सगळेच न बदलणारे असतील तर गोष्ट पुढे कशी सरकेल? त्यासाठी आहे गिएर्मो दे ला क्रूझ. माझ्या लेखी ही मालिका त्याचीच.

व्हॅम्पायरच्या माणूस-नोकराला ‘फॅमिलियर’ म्हणतात. तो दिवसा पहारा देतो, प्रेतं पुरतो, बळी शोधून आणतो, पडदे ओढतो, शवपेटीचं झाकण उघडतो. बदल्यात मालक कधीतरी त्याला व्हॅम्पायर करेल असा अलिखित करार असतो. याचं बीज सिनेमात आहे. तिथे डीकनच्या शर्टांना इस्त्री करणारी जॅकी ही मुलाबाळांची बाई अशीच वर्षानुवर्षं वाट बघते आणि मालक तारीख पुढे ढकलत राहतो. सिनेमात ती कडेची व्यक्तिरेखा आहे. मालिकेने ती कडेची खुर्ची उचलून मध्यभागी ठेवली, आणि संपूर्ण रूपांतरातला हा सगळ्यांत शहाणा निर्णय आहे.

हार्वी गियेनचा गिएर्मो हा मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबातला, स्वेटर घालणारा, गुबगुबीत, मृदू आवाजाचा तरुण. लहानपणी एका सिनेमात अंतोनियो बांदेरासला व्हॅम्पायरच्या भूमिकेत पाहून त्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्यासारख्या दिसणाऱ्यालाही हे होता येतं. मालिका सुरू होते तेव्हा नँडोरच्या चाकरीत त्याची दहा वर्षं पूर्ण होत असतात. या वर्धापनदिनी मालक चावेल अशी त्याला आशा. नँडोर त्याला भेट देतो ती रंगीत चकचकीत पावडर वापरून स्वतःच्या हाताने केलेलं, दोघांचं चित्र. गिएर्मो कॅमेऱ्याकडे बघतो. ती नजर पुढे सहा सीझन आपली सोबत करते.

नँडोरला दहा वर्षं म्हणजे एक डुलकी. गिएर्मोला ती तारुण्याची दहा वर्षं आहेत. घरातल्या सगळ्यांकडे वेळ अमाप आहे आणि त्याच्याकडे मोजका, या एका फरकावर मालिकेचा सगळा ताण उभा आहे. मालकाला नोकराचं आयुष्य दिसत नाही. नोकर मात्र मालकाच्या केसालाही धक्का लागू देत नाही. ज्यांनी कधी ‘पुढच्या वर्षी नक्की’ या शब्दावर नोकरी केली आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

लेखकांनी याला आणखी एक पीळ दिला. पहिल्या सीझनच्या शेवटी गिएर्मो डीएनए चाचणी करतो आणि कळतं की तो व्हॅन हेल्सिंगच्या, म्हणजे ‘ड्रॅक्युला’तल्या त्या व्हॅम्पायर-शिकाऱ्याच्या, वंशातला आहे. ज्यांच्यासारखं व्हायचंय त्यांनाच मारायची कला त्याच्या रक्तात आहे. पुढे तो घरातल्यांना नकळत वाचवत राहतो, रात्री मारेकरी येतात त्यांना परस्पर संपवतो आणि सकाळी फरशी पुसतो. त्याचं त्या घरावर प्रेम आहे, नँडोरवर तर नक्कीच. चौथ्या सीझनमध्ये तो आपल्या कुटुंबापुढे आपण समलिंगी असल्याचं सांगतो. त्या प्रसंगाला मालिका मोठा गाजावाजा न करता, प्रेमाने सामोरी जाते.

जॅकी डेटोना

एकच भाग बघून मालिकेचं कसब समजून घ्यायचं असेल तर दुसऱ्या सीझनचा सहावा भाग, ‘ऑन द रन’. लेखन स्टेफनी रॉबिन्सनचं, त्यासाठी तिला एमीचं नामांकन होतं. लॅझ्लोच्या दारात जिम नावाचा जुना व्हॅम्पायर येतो, भूमिकेत मार्क हॅमिल. दीडेकशे वर्षांपूर्वी लॅझ्लो त्याच्या घरी राहिला होता आणि भाडं न देता पळाला होता. जिम द्वंद्वाचं आव्हान देतो. लॅझ्लो पुन्हा पळतो, पेन्सिल्व्हेनियातल्या एका गावात, आणि वेषांतर करून बार चालवू लागतो. नवं नाव जॅकी डेटोना. वेषांतर म्हणजे जीन्स आणि तोंडात दात कोरायची काडी. बस्स. आणि या जगात ते वेषांतर अभेद्य ठरतं. त्याला शोधत जिम त्याच बारमध्ये येतो, काडी बघतो, ओळखत नाही. काडी तोंडातून निघते त्या क्षणी मात्र ओळखतो.

हे निव्वळ चाळ्यांवर थांबलं असतं तर विसरलं गेलं असतं. पण जॅकी डेटोना गावातल्या शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघात जीव गुंतवतो. त्या राज्य स्पर्धेला जाव्यात म्हणून पैसे गोळा करतो, त्यांच्यासाठी तळमळतो. एका भागापुरता एक व्हॅम्पायर बदलतो आणि चांगला माणूस होतो. मग मूळ घर त्याला परत ओढून नेतं. न बदलण्याचा नियम किती जड आहे हे आपल्याला कळतं ते तो वीस-बावीस मिनिटं उचलून धरला जातो तेव्हा.

जिथे पाय घसरतो

सहाही सीझन सारखे नाहीत. पहिले दोन सर्वांत घट्ट. तिसऱ्याच्या अखेरीस कॉलिनबाबत मोठं वळण येतं आणि चौथ्यात तो लहान मूल होऊन परततो. लॅझ्लो त्याला वाढवतो तो धागा फार कोवळा आहे, बापाचं सुख आणि बापाचा विसर पडणं दोन्ही त्यात आहे. पण त्याच सीझनमधला नाद्याच्या नाइटक्लबचा धागा लांबतो. पाचव्या सीझनमध्ये गिएर्मोची जुनी इच्छा भलत्याच हातून पुरी होते आणि ती त्याला मानवत नाही. माणसाचा जीव घेणं त्याला जमत नाही. कल्पना पटणारी आहे, पण शेवटी सगळं पूर्ववत करण्याची घाई जाणवते. सिटकॉमचा नियम आणि खरी गोष्ट यांची इथे टक्कर होते आणि गोष्ट थोडी हरते.

सहाव्या सीझनचा शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की सगळी वर्षं भिंतीसारखे उभे राहिलेले माहितीपटवाले लोक, ज्यांना आपण विसरून गेलेलो असतो, ते त्यात महत्त्वाचे ठरतात. कॅमेरा बंद झाल्यावर या अमर मंडळींना काहीच फरक पडणार नसतो. ज्याला पडतो तो एकटाच आहे आणि तो कोण हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

बघायचं झालं तर आधी सिनेमा बघा, दीड तासाचंच काम आहे. सुरुवातीला लागणारं नॉर्मा टनेगाचं १९६६चं गाणं मालिकेच्या शीर्षकालाही तेच आहे. मग पहिला सीझन क्रमाने. सवय लागायला दोन-तीन भाग द्या, कारण घरातल्या चौघांच्या बोलण्याची लय कानात बसावी लागते. लहान मुलांसोबत बघण्यासारखी ही मालिका नाही. रक्त आहे, शरीरसंबंधांबद्दल मोकळं बोलणं आहे. आणि ‘द ट्रायल’ हा भाग मात्र सिनेमा बघितल्याशिवाय लावू नका, परिषदेच्या टेबलाशी बसलेले ते तिघे कोण हे माहीत नसेल तर अर्धा आनंद हातचा जाईल.